आपांचा उजवा पाय

रुकय्या आपांबद्दल सांगायचं तर सुरुवात त्यांच्या उजव्या पायापासून करायला हवी. बाकीच्या आपा मागाहून येतील. तो पाय सगळीकडे त्यांच्या आधीच पोचायचा.

दुबईत बायकांना गाडी शिकवायला बायकाच असतात. शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन. एक शिकणारीच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरणीच्या. आपांनी उमेदीची सगळी वर्षं त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून काढली आणि पुढे पुढे त्या पायाला सुट्टी म्हणून कळेना. टॅक्सीत बसल्या की पाय दाबणार. बसमध्ये उभ्या असल्या तरी दाबणार. माझ्या गाडीत त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, पण तिथलं रबरी मॅट एका जागी झिजून पांढरं पडलं होतं. सर्व्हिसिंगवाल्याने मला विचारलं, मॅडम, इथे काय ठेवता? मी म्हटलं, मास्तरीण ठेवते.

एकदा मुंबईला उतरताना विमानाची चाकं जमिनीला टेकली आणि आपांनी पायाशी ठेवलेल्या खजुराच्या डब्यावर असा काही पाय दाबला, की दापोलीच्या नणंदेकडे खजुराऐवजी खजुराची वडी पोचली. मला हे सांगताना त्यांना डब्याचं काहीच वाटत नव्हतं. "पायलट बरा होता," त्या म्हणाल्या, "पण ब्रेक उशिरा मारता गो."

आपा दाभोळच्या खाडीकाठच्या. बुटक्या, रुंद, काळ्या अबायाखाली पांढरे स्पोर्ट शूज, डोळ्यांवर पुरुषी गॉगल. आवाज असा, की लहानपणी खाडीच्या पलीकडच्या तरीवाल्या नावाड्याला हाक मारून मारून तो तयार झाला असावा आणि नंतर लहान करायचा राहून गेला असावा. नवऱ्याबरोबर इथे आल्या. नवरा, म्हणजे सलीमभाई, पोर्टवर नोकरीला. आल्यावर दोघांनी मिळून लायसन्ससाठी नाव घातलं. आपा पहिल्याच फटक्यात पास झाल्या. सलीमभाई नापास झाले, पुन्हा नापास झाले, आणि मग एक दिवस त्यांनी शांतपणे जाहीर केलं की एका घरात एक ड्रायव्हर पुरे. तेव्हापासून ते मागच्या सीटवर. गाडी सुरू झाली की त्यांची मान एका बाजूला कलायची ती मुक्कामालाच सरळ व्हायची. आपांना त्याचं फार नवल. "गाडीत झोपायचा म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या हातात द्यायचा," त्या म्हणत. "सलीमला जमता. मला मेली कधी डुलकीसुद्धा लागली नाय."

मी त्यांच्याकडे शिकायला गेले ती पुण्याचा तोरा घेऊन. कॉलेजपासून तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटी चालवलेली. लक्ष्मी रोडवर जी गाडी चालवते ती चंद्रावरही चालवेल, अशी माझी समजूत. आपांनी ती अल क्वोजच्या पहिल्याच राऊंडअबाऊटवर उतरवली. अल क्वोजमध्ये गोदामं आणि वर्कशॉप्स, म्हणून राऊंडअबाऊटला येणारी प्रत्येक गाडी ट्रक किंवा ट्रेलर. मी थांबले. एक ट्रेलर गेला, दुसरा आला. मी थांबूनच. मागून हॉर्न वाजायला लागले, तशी मी आरशात बघून सॉरी म्हणाले. पुढून गेलेल्या ट्रकलाही सॉरी म्हणाले.

"कोणाला सॉरी म्हणतेस?" आपांनी विचारलं.

"त्या मागच्याला."

"त्याला ऐकू येता?"

"नाही."

"मग मला कशाला ऐकवतेस? आणि पुढं जा आता. तुला कोण आमंत्रणपत्रिका छापून पाठवणार नाय."

त्या दिवसापासून माझं नाव सॉरीबाय. प्रत्येक विद्यार्थिनीला त्या तिच्या खोडीवरून नाव द्यायच्या आणि ते नाव लायसन्सपेक्षा जास्त टिकायचं. एक केरळची नर्स होती, ती वळताना डावीकडे झुकायची, ती डावी सिस्टर. नाशिकची एक डेंटिस्ट कायम दुसऱ्या लेनमधल्या गाडीत काय चाललंय ते बघायची, ती शेजारीण. रागवायच्या मात्र फार नाहीत. रागवायचं काम पाय करायचा. तुम्ही चुकलात की गाडी आपोआप थांबायची आणि आपा खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "मी काय बोलले? मी काय बोलले नाय."

त्यांची काही वाक्यं मी आजही गाडी चालवताना ऐकते. घाई असेल तर घरातनं लवकर निघायचा, रस्त्यावर लवकर पोचायचा नाय. आरसा तोंड बघायला नाय. रस्ता कोणाच्या बापाचा नाय, म्हणजे तुझ्यापण बापाचा नाय. आणि माझी टेस्ट पास झाली त्या दिवशी अभिनंदनाऐवजी मिळालेला सल्ला: "आता महिनाभर नवऱ्याला बाजूला बसवू नको. नवरा बाजूला बसला की बाई पुन्हा लर्नर." मी ऐकलं नाही. पहिल्याच शुक्रवारी नवऱ्याला बाजूला बसवलं आणि करामा येईपर्यंत पुन्हा लर्नर झाले.

शिकवणी संपली तरी आपा सुटल्या नाहीत, कारण त्याही आमच्या अल मनखूलमध्येच, दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. ईदला त्यांच्याकडून सांदणं यायची, दिवाळीला माझ्याकडून चकल्या जायच्या. चकल्यांबद्दल त्यांचं मत होतं की पुण्याच्या चकलीलापण ब्रेक नाही, दात कुठे थांबवायचा ते कळत नाही.

आता या बाईने आयुष्यात कधी वेगमर्यादा ओलांडली नाही. शेख झायेद रोडवर सगळे भिरभिरत जात असताना त्या उजव्या बाजूच्या संथ लेनमधून, सिमेंटच्या मिक्सरच्या मागे, निवांत. आणि याच बाईला गाड्यांच्या शर्यतींचं वेड होतं. साधंसुधं नाही. दर हिवाळ्यात एक शनिवार-रविवार त्या लिव्याला जायच्याच.

लिवा म्हणजे अबू धाबीच्या पार दक्षिणेला, वाळवंटाच्या तोंडाशी असलेलं छोटंसं गाव. खजुरीच्या बागा, एक बाजार, दोन-तीन पेट्रोल पंप, आणि त्यापुढे नुसती वाळू. एरवी तिथे कोणी जात नाही. हिवाळ्यात मात्र त्या वाळूत तंबू पडतात आणि डोंगराएवढ्या टेकडीवर गाड्या चढवायच्या शर्यती लागतात. आपांच्या डाव्या सिस्टरला तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तिने एकदा यांना पाहुणचाराला बोलावलं आणि संध्याकाळची करमणूक म्हणून टेकडीशी नेलं. आपांनी पहिली गाडी वाळू उडवत वर जाताना पाहिली आणि, त्यांच्याच शब्दांत, "माझा डोकाच फिरला."

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा गाड्यांपेक्षा आपांनाच बघत राहिले. वाळूत चटई टाकलेली. एका हातात कागदी कपात इथला कडक, दुधाळ करक चहा, दुसऱ्या हातात भाजलेलं कणीस. इंजिनाच्या आवाजाने माझ्या छातीत धडधडत होतं. एक गाडी अर्ध्यावर जाऊन आडवी झाली, गडगडत खाली आली. ड्रायव्हर हात हलवत बाहेर पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले ते थेट आपांच्या पायाकडे गेले. पाय गप्प होता. चटईवर कडेला, बूट काढून, आरामात.

"आपा, तुमचा पाय?"

"त्याचा काय?"

"दाबला नाही."

आपांनी कणसाचे दाणे खाऊन संपवले. "ही पोरं काय मी शिकवलेली नाय गो. पडली तर त्यांचा मास्तर बघेल."

तेव्हा मला कळलं की आपा तिथे काय करायला जातात. वर्षभर दुसऱ्यांच्या चाकांची काळजी वाहायची आणि दोन दिवस अशा जागी जाऊन बसायचं जिथे एकही चाक आपल्यावर सोपवलेलं नाही. मला त्यांचा तेव्हा जरा हेवा वाटला होता. माझ्या वाट्याला असा लिवा कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

नाझनीन ही त्यांची एकुलती एक मुलगी. जन्म इथला, शाळा इथली, इंजिनिअर झाली, नोकरी अबू धाबीत, राहायला खलिफा सिटीत. आई कोकणीत बोलणार, ती इंग्रजीत उत्तर देणार, आणि दोघींचं भांडण असं दोन भाषांत अगदी व्यवस्थित व्हायचं. सगळ्या दुबईला गाडी शिकवणाऱ्या आपांनी पोटच्या मुलीला मात्र शिकवलं नाही. म्हणजे सुरुवात केली होती. पहिल्याच दिवशी आपांनी इतक्या वेळा ब्रेक दाबला, की नाझ भर रस्त्यात गाडी उभी करून उतरली आणि चालत घरी गेली. पुढे ती दुसऱ्या मॅडमकडे शिकली. पास झाल्यावर तिने घरात नियम केला, अम्मी मागे बसेल. "सॉरी अम्मी, बॅक सीट प्लीज. युअर फूट मेक्स मी नर्व्हस." तेव्हापासून नाझच्या गाडीत आपा मागे, सलीमभाईंच्या बाजूला. सलीमभाई झोपलेले, आणि आपा पुढच्या सीटच्या पाठीला बुटाने ढोसत बसलेल्या.

त्या नियमावर आपा हसायच्या, पण तो त्यांना लागला होता. एकदा माझ्याकडे सांदणाचा डबा द्यायला आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, "सगळ्यांच्या पोरी माझ्या बाजूला बसून शिकल्या. माझी पोर मला मागं बसवता." मग लगेच चकल्यांची चौकशी केली.

गेल्या हिवाळ्यातली लिव्याची खेप ही शेवटची होती. सलीमभाईंची नोकरी संपत आली होती आणि दोघं रमजानच्या आधी कायमचे गावी जाणार होते. खाडीकाठी घर बांधून तयार होतं. आम्ही शुक्रवारी दुपारी नमाजानंतर निघालो. मी, माझी गाडी, बाजूला आपा आणि त्यांचा पाय, मागे सलीमभाई आणि त्यांची झोप. खलिफा सिटीत नाझला घ्यायचं ठरलं होतं. तिथे पोचलो तर ती खाली स्वतःच्या गाडीला टेकून उभी. कंपनीतून आली तशी, काही फेरफार न केलेली जीप, पण धुऊनपुसून लखलखीत आणि दारावर एक नंबर चिकटवलेला.

आपांनी काच खाली केली. "हा नंबर कसला?"

"अम्मी, प्लीज डोन्ट फ्रीक आउट. आय हॅव रजिस्टर्ड."

वाळवंटात गाड्या चालवणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब होता. नाझ दोन हिवाळे त्यांच्याबरोबर जात होती आणि आईला हे कळू दिलं नव्हतं. मोठ्या टेकडीपासून जरा लांब, एका लहान टेकडीवर, हा क्लब आपल्या सभासदांची शर्यत ठेवायचा. गाड्या मूळच्या तशाच, बिनबदलाच्या हव्यात. वर पोचायला दोन संधी. आणि नियम असा, की पहिल्यांदा शर्यतीत उतरणाऱ्याच्या शेजारी दुसरा माणूस हवाच, रेडिओवर खालून काय सांगतायत ते ऐकून ड्रायव्हरला सांगायला.

आपांनी काच वर केली. तरीफवरून दक्षिणेला वळलो, नाझची जीप आमच्या पुढे धावत होती, आणि माझ्या गाडीत त्यांचा पाय त्या जीपसाठी ब्रेक मारत होता. नाझने लेन बदलली की पाय. नाझ जरा पुढे गेली की पाय. मदीनत झायेदच्या अलीकडे मी म्हटलं, "आपा, ती चांगली चालवते."

"माहीत आहे."

"मग?"

"चांगली चालवता म्हणूनच भीती वाटता. वाईट चालवणारीला घरी बसवता येता."

मागून सलीमभाई, डोळे न उघडता, म्हणाले, "इन्शाल्ला, होईल." काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी टेकडीपाशी गेलो तेव्हा नाझचा चेहरा उतरलेला. शेजारी बसणारी तिची मैत्रीण रात्रीपासून तापाने फणफणली होती. क्लबचे बाकीचे सगळे आपापल्या जोडीने आलेले. मी बसेन म्हटलं, पण मला राऊंडअबाऊटवर सॉरी सुचतं, तर टेकडीवर काय सुचेल हे नाझला माहीत होतं. ती माझ्याकडे बघून गोड हसली, म्हणजे नको. सलीमभाईंनी तर चटईवर बसून घेतलं होतं.

मग ती आईसमोर येऊन उभी राहिली. वाळूत गुडघा टेकून आपांच्या डोळ्यांच्या पातळीवर आली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला कोकणीत बोलताना ऐकलं. मोडकं होतं, क्रियापदं चुकली होती.

"अम्मी, तू जाणार. मग मी हितं एकटी. जायच्या आधी एकदा माझ्या बाजूला बस. मॅडम म्हणून नको. अशीच."

आपांनी गॉगल काढला, अबायाच्या बाहीने पुसला, पुन्हा लावला. "तिथं माझ्या बाजूला ब्रेक आहे?"

"नाय."

"वाळूवर ब्रेक मारतात?"

"मारायचा नसतो. मारला की चाक वाळूत रुतता. नुसता पाय सैल सोडायचा."

हे ऐकून आपांच्या तोंडावर जे आलं ते मला विसरता येणार नाही. जन्मभर ज्या एका गोष्टीची भाकरी खाल्ली ती या टेकडीवर निरुपयोगी होती. त्या उठल्या, वाळू झटकली आणि हेल्मेट मागितलं.

टेकडीच्या पायथ्याशी झेंडा घेऊन एक अरबी गृहस्थ उभे होते, अंगात पांढरा पायघोळ कंदूरा, पायात गमबूट. त्यांनी हेल्मेटमधल्या आपांना बघितलं आणि नाझला विचारलं, "ये अम्मी है? अम्मी इधर बैठेगा, चाय पियेगा."

"चाय हम पी के आया," आपा म्हणाल्या. "और हबीबी, हमारा लायसन्स तुम्हारा शादी से पुराना है. झंडा दिखाओ."

त्यांनी हसून झेंडा दाखवला. "यल्ला, अम्मी, यल्ला."

जीप सुटली. सुरुवातीला छान गेली. इंजिनाचा सूर एकसारखा चढत होता, मागे वाळूचा पडदा. मी नवऱ्याला दाखवायला मोबाइलवर शूट करत होते. अर्ध्याच्या वर टेकडी जिथे उभी होते तिथे जीपचं नाक जरासं डावीकडे गेलं. फार नाही, कुणीही सांभाळलं असतं. आणि तेवढ्यात जीप थांबली. मागची चाकं जागच्या जागी फिरली, वाळूत रुतली, आणि सगळं संपलं. क्लबचा ट्रॅक्टर वर गेला, जीप दोराने ओढून खाली आणली.

काय झालं ते नाझने सांगायची गरज पडली नाही. आपा उतरल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "मी ब्रेक म्हणून ओरडले. आणि ह्या शहाणीनं मारला."

"यू शाउटेड, अम्मी. आय जस्ट..." नाझच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं होतं का हसण्याचं, ते तिलाही ठरवता येत नव्हतं. "मी काय करणार? तू ओरडलीस."

जगात कुणाच्याही ओरडण्याने नाझने ब्रेक मारला नसता. भर रस्त्यात गाडी सोडून जाणारी मुलगी ती. पण आईचा खाडीपलीकडचा आवाज कानाशी आला आणि तिच्या पायाने तिला न विचारता ऐकलं. आपांना ते माझ्याआधी कळलं असणार, कारण त्या बराच वेळ मुलीच्या पायाकडे बघत उभ्या होत्या. नंतर चटईवर येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "माझ्यासारखाच पाय आहे गो तिचा. मला वाटला बापावर गेली."

दुसरी संधी दुपारी होती. मधल्या वेळात आपांनी भाकरीचा तुकडा मोडला नाही. मला वाटलं आता त्या बसणार नाहीत. नाझलाही तसंच वाटलं असावं. ती आईकडे येईना, लांब राहून वाळूसाठी टायरची हवा कमी करत बसली, जी तिने सकाळीच कमी केली होती. शेवटी सलीमभाई बोलले. या माणसाला मी इतकी वर्षं ओळखते, पण त्यांचं सलग तीन वाक्यांचं बोलणं मी तेवढंच ऐकलंय.

"रुकय्या, मी तुझ्या मागं झोपतो, तर लोक म्हणतात ह्याला गाडी येत नाय. मला गाडी येते. मला झोपायचा होता."

आपा त्यांच्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. सलीमभाई चहाकडे वळले.

नाव पुकारलं तेव्हा आपा आधी जाऊन बसल्या. नाझ धावत आली. दार लावण्याआधी मी बघितलं, आपांनी ओढणीचं टोक घडी करून दातांत धरलं होतं, आमच्याकडे सुई टोचून घेताना बायका धरतात तसं. पट्टा लावलेला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. झेंडेवाल्या गृहस्थांनी आत वाकून बघितलं आणि झेंडा दाखवला.

या वेळी मी शूट केलं नाही. जीप चढली. जिथे सकाळी नाक डावीकडे गेलं होतं तिथेच पुन्हा गेलं, सकाळपेक्षा जास्त. इंजिनाचा सूर क्षणभर खाली आला, म्हणजे नाझने पाय सैल सोडला होता, नाक सावकाश सरळ झालं, आणि सूर पुन्हा चढला. टेकडीच्या माथ्यावर जीप एकदा दिसली, उन्हात नुसती काच चमकली, आणि पलीकडे गेली. मी ओरडले. सलीमभाई उभे राहिले होते, हातातला चहा वाळूत सांडलेला.

त्यांचा नंबर आला नाही. मधेच कुठेतरी आले. नाझला त्याचं काही नव्हतं. जीप खाली आली आणि ती उतरून गाडीला वळसा घालून आईच्या दारापाशी गेली. आपांना उतरता येईना. उजवा पाय बधिर झाला होता. नाझने बूट काढला, मोजा काढला. पावलाच्या वरच्या बाजूला बुटाच्या नाड्यांची नक्षी उमटली होती, एकेक रेघ लालभडक. आपांनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत उजवा पाय डाव्या पायाखाली चिरडून धरला होता.

"अम्मी," नाझ म्हणाली आणि पुढे तिला कुठल्याच भाषेत बोलता आलं नाही. ती तिथेच वाळूत बसून तो पाय चोळत राहिली.

आपांनी दातांतली ओढणी सोडली. "मी काय बोलले?" त्या म्हणाल्या. "मी काय बोलले नाय."

मला आपांच्या शिकवण्याचा अभिमान होताच, सगळ्यांनाच असतो, ज्याला त्याला आपला मास्तर. पण त्या दुपारी मला आपांचा अभिमान वाटला. शिकवणारा माणूस शिकवणं थांबवू शकतो हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मला स्वतःला मुलाच्या अभ्यासाच्या टेबलापासून अजून उठता येत नाही.

त्या गावी गेल्या त्या दिवशी मी विमानतळावर पोचवायला गेले. गाडी नाझची. खाली सामान चढवून झालं तेव्हा आपा सवयीने मागचं दार उघडायला गेल्या. नाझने पुढचं उघडून धरलं. आपा पुढे बसल्या. मी आणि सलीमभाई मागे. जेवढ्या बॅगा डिकीत मावल्या नाहीत तेवढ्या आमच्या मांडीवर होत्या, म्हणून मला पुढचं फारसं दिसत नव्हतं. सकाळची वेळ होती, रस्ते मोकळे. आपा थोडा वेळ बोलत होत्या, गावच्या घरात पाण्याची टाकी कुठे बसवली, नाझने ईदला यायचंच, माझ्या चकल्या आता कोण नावं ठेवून खाणार. मग बोलणं बंद झालं. निरोपाची वेळ, माणूस गप्प होतंच, असं मला वाटलं.

मी सलीमभाईंशी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ते टक्क जागे होते. मी त्यांना गाडीत जागं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मानेने पुढे खूण केली.

मी बॅग बाजूला करून दोन सीटांच्या मधून डोकावले. आपांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड जरासं उघडं, गॉगल नाकावर घसरलेला. त्या झोपल्या होत्या. अगदी गाढ.

"हळू घे," सलीमभाई नाझला कुजबुजले. "उठेल."

विमानतळाच्या अलीकडच्या सिग्नलला लाल दिवा लागला. नाझने ब्रेक मारला, गाडी थांबली. मी खाली पाहिलं. आपांचा उजवा पाय हलला नाही.